वय २८, एमए पार्ट वन!

‘पालकाची सही.’

प्रवेशाच्या फॉर्मवरची ती रिकामी चौकट बघून मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. रॅगिंग करणार नाही, अशी हमी विद्यार्थ्यानं तर द्यायचीच, पण त्याच्या पालकानंही द्यायची, असा यूजीसीचा २००९ पासूनचा नियम आहे. नियमाला माझं वय काय माहीत! सहा वर्षं मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत एचआर होते. कित्येक जणांच्या अपॉइंटमेंट लेटरवर माझी सही आहे. आणि आता मी कुणाला छळणार नाही, हे माझ्या बाबांनी लिहून द्यायचं! त्यात आणखी गंमत म्हणजे तीन आठवडे बाबा माझ्याशी बोलत नव्हते. कारण अर्थात हाच प्रवेश.

गेले कराडला. फॉर्म टीपॉयवर ठेवला. बाबा एसटीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेत, कागद न वाचता सही करणं त्यांच्या रक्तातच नाही. चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सही ठोकली, खाली तारीख टाकली आणि आईकडे बघून म्हणाले, ‘‘तिला विचार, पुढच्या महिन्यापासून खोलीचं भाडं कोण भरणार ते.’’

ही २०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, समाजशास्त्राच्या एमएला. ऑफिसच्या लंच टेबलवर दर महिन्याला कुणीतरी सुस्कारा टाकतंच, ‘‘यार, सगळं सोडून परत शिकावंसं वाटतंय.’’ बाकीचे मान डोलावतात, डबे बंद होतात आणि सगळे आपापल्या डेस्कवर जातात. तुम्हीही त्यातलेच असाल, तर मी काय काय शेण खाल्लं ते ऐकून ठेवा. निदान तेवढं तरी तुम्हाला करावं लागणार नाही.

भाडं कोण भरणार?

बाबांचा प्रश्न बोचरा होता, पण बरोबर होता. माझा हिशोब असा: महिना १८ हजार धरून २४ महिन्यांचे ४ लाख ३२ हजार. सरकारी विद्यापीठाच्या विभागाची फी यात सगळ्यात किरकोळ. खरा खर्च असतो तो राहण्या-खाण्याचा. वाकडमधला ऐसपैस फ्लॅट सोडून मी औंधगावात दोघींत एक खोली घेतली. नोकरीची पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे ग्रॅच्युइटीही हातात आली होती. एक्सेल शीटवर सगळं कसं हिरवंगार दिसत होतं.

शीटमध्ये एक रकाना मात्र नव्हता. ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-बाबाही होते. ते कव्हर माझ्या शेवटच्या वर्किंग डेला संपलं आणि दोन महिन्यांत आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. बिल ८२ हजार. सहा वर्षं नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला एक्झिटच्या मीटिंगमध्ये ‘इन्शुरन्सचं बघून ठेवा हं’ असं सांगणारी मी! स्वतःचं मात्र बघितलंच नाही. त्याच विमा कंपनीकडे ग्रुप पॉलिसीतून स्वतःच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी काढलेला वेटिंग पीरियडही धरला जातो. पण त्याचा अर्ज खुर्ची सोडायच्या आधी करायचा असतो. कृपया करा. आजच मेल टाका.

त्या ८२ हजारांची भरपाई म्हणून मग मी शनिवारी एका छोट्या फर्मचं पेरोल करायला लागले. नोकरी सोडून शिकणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच, की जुन्या कामाचा एखादा धागा हातात ठेवा. आठवड्यातून एक दिवस, जास्त नको. लोन काढणार असाल, तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत आणि हप्ते कोर्स संपल्यावर सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं, हे विसरू नका.

कागदपत्रांचं एका दमात सांगते. टीसी, मायग्रेशन, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन. शिवाय डिजिलॉकरवर जाऊन अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर काढून ठेवा. आमच्या वेळी पदवीला असलं काही नव्हतं. ही भानगड २०२१ पासूनची. माझी जुनी टीसी शोधायला आईला माळ्यावर चढावं लागलं होतं. तुमच्या आईवर ती वेळ आणू नका.

४११ एकरांत हरवलेली मुलगी

पहिल्या दिवशी मी साडेनऊला हजर. इस्त्रीचा कुर्ता, लॅपटॉप बॅग, पाण्याची स्टीलची बाटली. विभागाच्या दारात शिपाईकाकांनी विचारलं, ‘‘मॅडम, गेस्ट लेक्चरला आलात का?’’

विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा. पुण्यात इतकी झाडं एका जागी बघायची सवयच गेलेली असते. मधोमध ती मनोऱ्याची इमारत, पूर्वीचं मुंबईच्या गव्हर्नराचं गणेशखिंडीतलं निवासस्थान. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ इथेच झाला आणि इथून परतताना चापेकर बंधूंनी रँडला गाठलं. विद्यापीठ आलं १९४९ मध्ये. पहिले काही दिवस मी लेक्चर संपलं की नुसती फिरत होते. वडाखाली बसायचं, चहा, फोटो, स्टेटस. ऑफिसातल्या मैत्रिणींचे ‘जळवू नकोस’ असे रिप्लाय. मज्जा!

महिनाभरानं लक्षात आलं, की मी एकही पुस्तक धड वाचलेलं नाही.

ऑफिसमध्ये दिवसाला आकार दुसरा कुणीतरी देतो. स्टँडअप, कॉल, डेडलाइन, बॉसचा चेहरा. विद्यापीठात वर्ग सुटल्यावर तुम्ही काय करताय, हे कुणीही विचारत नाही. नव्या पद्धतीत दर सेमिस्टरला २२ क्रेडिट्स. एक थिअरी क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास वर्गातले, आणि साधारण तेवढेच तास वर्गाबाहेर स्वतः वाचायचं असं गृहीत धरलेलं असतं. ते दुसरे तास टाइमटेबलवर कुठेच छापलेले नसतात. मी ते वडाखाली घालवले.

मग मी काय केलं? फार ग्रेट काही नाही. जयकर ग्रंथालयात (पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांचं नाव) खिडकीजवळची एक खुर्ची पकडली आणि दुपारी दोन ते पाच तिथून उठायचं नाही, असं ठरवलं. फोन बॅगेत, बॅग लांब. पहिल्या दिवशी तीन तासांत नऊ पानं झाली. वेबरची. शेवटचा वीस पानांचा सलग मजकूर मी केव्हा वाचला होता, ते मला आठवेना! मेल वाचून वाचून आपलं डोकं दोन परिच्छेदांपुरतंच उरतं, हे मी तुम्हाला लिहून देते. पण ते परत लांबतं. दिवाळीपर्यंत मी तीन तासांत पंचवीस पानांवर आले होते. पहिल्या दोन आठवड्यांत पुस्तक मिटून पळून जायचा मोह होतो, तेवढे दिवस खुर्ची सोडू नका.

वीसपैकी सात

पहिली इंटर्नल. विषय, वेबर आणि नोकरशाही. मला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ. सहा वर्षं पॉलिसी डॉक्युमेंट लिहिलीत की! झकास बुलेट पॉइंट्स, एक चौकट, दोन बाण, शेवटी ‘की टेकअवेज’. पेपर हातात आला, वीसपैकी सात. समासात पेन्सिलीनं एकच ओळ: ‘यात तुमचं म्हणणं कुठे आहे?’

बारावीनंतर इतके कमी मार्क मला कधी पडले नव्हते. आणि ज्यांना मी मनातल्या मनात ‘ही बच्चेकंपनी’ म्हणत होते, त्यांना चौदा, पंधरा.

नेमक्या त्याच आठवड्यात जुन्या मॅनेजरचा फोन. ‘‘तुझी जागा अजून भरलेली नाहीये. विचार कर, पगाराचं बघू आपण.’’ आईच्या ऑपरेशनचं बिल ताजं होतं. मी त्या रात्री ‘हो’ म्हणणारा मेल लिहिला आणि ड्राफ्टमध्ये ठेवला. सकाळी पाठवायचा म्हणून.

सकाळी खोलीचं दार वाजलं. वर्गातली जालन्याची मुलगी. वय २१. माझ्याशी तोवर जेमतेम दोनदा बोललेली. हातात झेरॉक्सचा गठ्ठा. ‘‘ताई, एक विचारू? हे इंग्लिश मला एका परिच्छेदाच्या पुढे जात नाही. तुम्ही सोबत बसाल का?’’

ताई! एरवी मी त्या शब्दानं जाम चिडले असते. त्या दिवशी चहा टाकला. बसलो. मी वाक्यं फोडून सांगत गेले आणि ती मध्येच थांबवून विचारत गेली, ‘‘म्हणजे आमच्या तलाठी ऑफिसात जातो तेव्हा साहेब नसला तरी काम अडत नाही, कागद पूर्ण नसला की अडतं, तसं का?’’ मी गप्पच. वेबरचं अख्खं म्हणणं तिनं तलाठी ऑफिसात नेऊन ठेवलं होतं. मी सहा वर्षं कार्ड स्वाइप, लीव्ह पॉलिसी आणि अप्रूव्हलच्या साखळीत जगले, तरी पेपरात त्यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं! मी लिहिली होती ती वेबरची पीपीटी.

तो मेल मी दुपारी डिलीट केला. निश्चयानं वगैरे नाही हं. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत पुढचा लेख वाचायचं ठरलं होतं, म्हणून.

मग दर मंगळवारी, गुरुवारी आमची बैठक जमायला लागली. पुढे त्यात आणखी तिघं आली. तेव्हा वाचायला एकटे बसू नका, आणि सोबत बसायला आपल्यासारखंच माणूस शोधू नका. ज्या प्राध्यापकांनी सात दिले होते, त्यांच्याकडेही गेले. मार्क वाढवून मागायला नाही, पंधरा मिळालेला पेपर कसा असतो ते बघायला. त्यांनी अर्धा तास दिला. कॉर्पोरेटमधून आलेल्यांना वाटतं, की शंका विचारणं म्हणजे आपण कच्चे आहोत हे जाहीर करणं. अहो, तिथे तुम्ही कच्चे आहात म्हणूनच तर गेलात! जाताना प्रश्न मात्र नेमका न्यावा. ‘सर, काहीच कळलं नाही’ याला कुणाकडेच उत्तर नसतं. ‘या पानावरच्या या वाक्यात मी अडकले’ म्हटलं की गाडी पुढे सरकते.

मॅनेजरगिरी बंद!

ग्रुप प्रोजेक्टमध्ये मी पहिल्याच दिवशी पाच जणांना कॅलेंडर इन्व्हाइट पाठवलं. सोबत ट्रॅकर. लाल, पिवळा, हिरवा. व्हॉट्सअॅपवर शांतता. रात्री अकराला एका मुलानं लिहिलं, ‘ताई आमचं अप्रेझल केव्हा?’ आणि त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

राग आला. नंतर हसू आलं. त्यांच्यातला एक मुलगा ‘कमवा आणि शिका’मध्ये काम करून शिकत होता, एकीचा रोजचा निम्मा दिवस पीएमपीच्या बसमध्ये जायचा. माझ्या ट्रॅकरमध्ये यातलं काहीच नव्हतं. आम्ही मग कँटीनमध्ये पोह्यांवर कामं वाटली आणि प्रोजेक्ट वेळेत झालं. (शेवटच्या रात्री फॉरमॅटिंग कुणी केलं? ओळखा!) वयाचा फायदा घ्यायचा तर असा घ्या: बस चुकलेल्याला लिफ्ट द्या, सीव्ही तपासून द्या, पहिल्या इंटरव्ह्यूला काय घालू ते सांगा. सल्ले विचारल्याशिवाय देऊ नका. ‘आमच्या ऑफिसात ना’ या शब्दांनी वाक्य सुरू करायचं मी दुसऱ्या सेमिस्टरपासून बंद केलं. बऱ्यापैकी.

ऑफिसच्या जुन्या गँगचं प्रकरण जास्त अवघड निघालं. बाणेरला डिनर, बिल सहा जणांत समान. दोनदा भरलं, तिसऱ्यांदा ‘बरं नाहीये’ म्हणून टाळलं, चौथ्यांदा त्यांनी विचारायचंच थांबवलं. मग एके दिवशी सरळ सांगितलं, ‘‘बाई, मला परवडत नाहीये. माझ्याकडे या, पिठलं-भाकरी करते.’’ सहातल्या चौघी आल्या. दोघी नाही आल्या, अजूनही येत नाहीत. चालायचंच.

आणि स्थळं? ‘मुलगी काय करते?’ ‘शिकते.’ ‘अजून?’ हा संवाद आईनं इतक्यांदा केलाय, की आता ती ‘अजून’ आधी स्वतःच म्हणते.

ते आठ जण

नोकरी का सोडली, ते मी इतका वेळ टाळलं. मे २०२०. माझ्याकडे एक यादी आली. त्यातल्या लोकांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं आणि ठरलेली चार वाक्यं बोलायची. आवाज मऊ, चेहरा शांत, सॉरी म्हणायचं नाही. एका दिवसात आठ जण. आठव्यानं मलाच विचारलं, ‘‘तुम्ही बऱ्या आहात ना?’’ त्यानंतर तीन वर्षं मी नोकरी केली, बढतीही घेतली, पण मला नेमकं काय होतंय ते कुणाला सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या सेमिस्टरला आर्ली हॉकशिल्ड वाचायला मिळाली. १९८३ मध्ये आलेलं तिचं पुस्तक विमानातल्या हवाईसुंदरींवर आहे. हसू हे त्यांच्या कामाचाच भाग, त्याचं ट्रेनिंग असतं, त्याचा पगार असतो. स्वतःच्या भावना दाबून किंवा ओढूनताणून आणून समोरच्याला हवं तसं वाटायला लावायचं, यालाच तिनं भावनिक श्रम म्हटलंय. मी खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसून एकच पान तीनदा वाचलं आणि बाहेर जाऊन बराच वेळ कट्ट्यावर बसून राहिले. डोळे गळत होते. शेजारून जाणाऱ्या मुलाला वाटलं असणार, हिला केटी लागली.

माझा प्रबंध याच विषयावर झाला: एचआरमधल्या बायकांचं भावनिक श्रम. अकरा जणींच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या चौघींनी आपापल्या ‘आठव्या माणसाची’ गोष्ट सांगितली. मी न विचारता.

कोर्स निवडताना ‘स्कोप काय’ हा एकच प्रश्न विचारू नका, असं म्हणूनच वाटतं. एमए करून माझा पगार वाढला का? नाही. सध्या मी एका संस्थेत संशोधन सहायक आहे आणि जुन्या पगाराच्या जेमतेम निम्मं कमावते. हा आकडा आवडला नसेल तर खुशाल नोकरीत राहा, त्यात कमीपणा काही नाही. नोकरी सांभाळून शिकायचं तर इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. फक्त तिथे खिडकीजवळची खुर्ची तुम्हालाच घरात मांडावी लागेल आणि जालन्याची मुलगीही शोधावी लागेल. माझी मैत्रीण सध्या हेच करतेय. रविवारी सकाळी आम्ही दोघी तिच्या बाल्कनीत बसून तिचा अभ्यास करतो.

हो, बाबांचं राहिलंच. दुसऱ्या वर्षी तीच हमी पुन्हा द्यायची होती. या वेळी मी फॉर्म नेला, तर बाबा पेन घेऊनच बसले होते. पुन्हा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सही केली, तारीख टाकली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘खरं सांग, तू कुणाचं रॅगिंग करत नाहीस ना? सहा वर्षं एचआरमध्ये होतीस म्हणून विचारतो.’’